दारावरचं प्रथिन आणि सरांचा खडू

दार बंद.
पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला कॅल्शियम आत घ्यायला एक दार असतं. दारावर एक प्रथिन बसलेलं. बाहेर कॅल्शियम कमी असलं की ते दार दाबून धरतं, भरपूर साठलं की सोडतं. हे पुस्तकात आहे.

दार उघडं.
हे प्रयोगशाळेत, पीएच.डी. करणाऱ्या तिच्या टेबलावर. द्रावणात कॅल्शियम घातलेलंच नाही, असेल ते नावापुरतं, तरी मायटोकॉन्ड्रिया चमकायचे. चमक म्हणजे कॅल्शियम आत शिरलं.
"द्वारपाल झोपा काढतोय!" तिच्या मार्गदर्शक सरांनी जाहीर केलं. तिचा प्रबंध आता या झोपेवर उभा होता. आईला फोनवर सांगूनही झालं, "यंदा नक्की."

दार कधी असं, कधी तसं.
सर परगावी गेले की द्वारपाल चोख. सर आले की झोप.
"माझा पायगुण गं," सर म्हणाले आणि तिच्या टेबलाला लागून असलेल्या फळ्यावर दार काढून समजावू लागले. मार्कर त्यांना चालत नसे. खडूशिवाय म्हणे विचारच सुचत नाही. दार काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. पांढरी भुकटी खाली. खाली तिचं उघडं बीकर.
खडू म्हणजे तरी काय? कॅल्शियमच की.


दार बंद. (खोलीचं.)
दुसऱ्या दिवशी तिने आतून कडी लावली. नवं द्रावण, वर झाकण. चमक नाही. पुन्हा करून पाहिलं. नाहीच.
ठकठक. "अगं, कडी कशाला?"

ठकठक, ठकठक. "प्रबंध समितीला सांगून बसलोय मी! उघड बाई!"
दाराच्या बिजागऱ्या हलू लागल्या, तेव्हा तिने उघडलं.
"सर, द्वारपाल जागाच आहे. तुमचा खडू पडत होता द्रावणात."
सरांनी आपले हात पाहिले आणि पाठीमागे नेले.
"मग समितीला काय सांगणार?"
"पुस्तकात आहे तेच."
"त्याला प्रबंध म्हणत नाहीत."
"ठाऊक आहे. यंदा नाही, सर."
सर खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उजळला. "असं करू! तो इतका जागा कसा राहतो, यावर लिही. थांब, दाखवतो," म्हणत त्यांनी खडू उचलला.
तिने बीकर उचललं, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.