काकूची सगळी वाक्यं बरोबर

वाक्यरचनेवर एम.ए.चा प्रबंध लिहिणारं माणूस घरात असलं की घरच्यांची बोलायची सोय राहत नाही. कोणी सहज "कोणी कोणाला काय दिलं?" असं विचारलं तरी मी वही काढते. प्रश्न विचारणारा शब्द वाक्यात कुठे बसतो, कुठून कुठे उडी मारतो आणि कुठे अडतो, हे चार भाषांत ताडून पाहायचं, हा माझा विषय. तीन भाषा पुस्तकांतून आणि वर्गातल्या मुलांकडून मिळाल्या. चौथी काकूच्या माहेरची. ती बोलणारं आमच्या गावात काकूखेरीज कोणी नाही, म्हणून चार महिने दर रविवारी मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ठाण मांडून बसले.

काम तसं सोपं. मी वाक्य वाचायचं, काकूने चालतं की नाही ते सांगायचं. न चालणाऱ्या वाक्यापुढे छोटी चांदणी काढायची, ही आमच्या धंद्याची रीत.

"चालतं," शेंगा सोलता सोलता काकू म्हणायची, मान न उचलता. "हेही चालतं. पुढचं."

मी खूश. इतकं गुणी माणूस मिळायला नशीब लागतं.

एका रविवारी काका दारात येऊन थांबले. काका घड्याळं दुरुस्त करतात. बोलतात कमी, पण बोलले की नेमकं. "बत्तीस वर्षं झाली लग्नाला. माझं एकही वाक्य हिने बरोबर म्हटलं नाही. तुझी सगळी बरोबर?"

आम्ही तिघंही हसलो. घरी येऊन वही उघडली तेव्हा मात्र माझं हसू मावळलं. दोनशे चाळीस वाक्यं, आणि चांदणी एक नाही. त्यातली साठ वाक्यं तर मी मुद्दाम मोडतोड करून घातली होती, ऐकणारं माणूस खरंच पारखून सांगतंय की नाही ते कळावं म्हणून. ती पहिल्याच आठवड्यात तपासायची असतात. घरचंच माणूस, त्याची काय परीक्षा घ्यायची, असं म्हणून मी ते राहू दिलं होतं. आता प्रबंधाचं प्रकरण द्यायला पंधरा दिवस उरले होते. राग आला, आधी काकूचा आणि मग स्वतःचा.

पुढच्या रविवारी तणतणतच गेले. "काकू, मला बरं वाटावं म्हणून तू सगळ्याला हो म्हणत होतीस ना?"

काकूचं सोलणं थांबलं. शेंग हातात तशीच होती.

"तुला बरं वाटावं म्हणून नाही गं. मला कळतच नव्हतं. तू वाचायचीस आणि सगळंच ओळखीचं वाटायचं. आई होती तोवर तिच्याशी रोज फोनवर बोलायचे. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. माहेरी माझी ताई आहे, पण तिचे नुसते फोटो येतात, मीही फोटोच पाठवते. आता काय बरोबर, काय चूक, आतून काही येतच नाही. आईची भाषा विसरले, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. इतके रविवार ही बाई जीव मुठीत धरून माझ्यासमोर बसत होती, आणि मी आपली पानं भरत होते. मला स्वतःची लाज वाटली. वही पिशवीत टाकली.

"ताईला फोन लाव."

"नको. ती हसेल."

"हसू दे. मी आहे ना इथे."

काकूने हात धुतले, केस सारखे केले आणि मग फोन लावला. सुरुवात अडखळतच झाली. दोन शब्द, मग थांबणं, मग मधेच मराठी. पलीकडे ताई खरंच हसली. काकूचा चेहरा पडला. मला वाटलं, आता ठेवतेच फोन. पण ताई बोलत राहिली, कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाबद्दल, मला अर्धंच कळत होतं. काकू नुसती हं हं करत होती. मग एकदम ती ताठ बसली.

"असं नाही," ती म्हणाली. तिच्या भाषेत, पण एवढं मला कळतं.

ताई काहीतरी बोलली. "असं नाहीच," काकूने आवाज चढवला, आणि तेच वाक्य फिरवून आपल्या पद्धतीने म्हणून दाखवलं, एकदा नाही, तीनदा. दोघी हमरीतुमरीवर आल्या.

फोनवर हात ठेवून काकू माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते.

"ताई तिकडेच राहून बिघडलीय," ती म्हणाली. "आई असं कधीच म्हणत नव्हती." आणि पुन्हा ताईशी भांडायला लागली.