बोनसचे कान

आमच्या घरात भांडायची एक पद्धत ठरलेली होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाहेरच्या खोलीत वाटाणे सोलत बसायच्या आणि आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात मनसोक्त ओरडून घ्यायचो. त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दार लावायचीही गरज नव्हती. चौदा वर्षांची सवय ती, एकाएकी सुटते थोडीच?

म्हणूनच त्या रविवारी दुपारी घोळ झाला. हे भांडी पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "मला ती नोकरी सोडायचीय."

"मग सोडा की! धरून कोणी ठेवलंय?"

"बोनसने."

सांगते. आमचे हे कानाची मशीनं दुरुस्त करतात. चार ठिकाणी नाही म्हटलेलं मशीन यांच्या टेबलावर येऊन सुरू होतं, असा हात. नऊ महिन्यांपूर्वी एका मोठ्या कंपनीने यांना जुन्या दुकानातून उचललं आणि रुजू होतानाच घसघशीत बोनस हातावर ठेवला. हे त्याच आठवड्यात त्या पैशांची आईंसाठी दोन मशीनं घेऊन आले, उत्तमातली. कानाचे साचे स्वतः घेतले, स्वतः घासून बसवले. आई नळाच्या टिपटिपीनेसुद्धा दचकल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझा आवाज एवढा मोठाय होय गं?"

पण दीड महिन्यात कंपनीने यांना दुरुस्तीच्या टेबलावरून उठवलं आणि विक्रीच्या काउंटरवर बसवलं. म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात नको ती महागडी मशीनं मारायची. यांना खोटं बोलता येत नाही, बोलायला गेले की कानशिलं लाल होतात. एका आजोबांना तर यांनी सरळ सांगितलं, "तुमच्या कानात नुसता मळ आहे, डॉक्टरकडून काढून घ्या." झालं! साहेबांनी सगळ्यांदेखत झाडलं.

"दोन वर्षांच्या आत सोडली तर सगळा बोनस परत द्यायचा," हे म्हणाले. "कुठून आणू? आईची मशीनं विकू?"

"काहीही काय बोलता!" मी ओरडले. चांगलीच ओरडले.

बाहेर वाटाण्यांचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे आम्ही एकमेकांकडे बघितलं.

सोमवारी सकाळी आई चहाला आल्या त्या रिकाम्या कानांनी. मशीनं डबीत, डबीखाली त्यांचं बिल, आणि ती डबी यांच्या बशीशेजारी. "विकून टाक," म्हणाल्या. "माझं काय अडलंय? इतकी वर्षं चाललंच की."

हे उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिले.

माझं डोकंच फिरलं. "आई, आधी मशीनं घाला!" त्या शांतपणे चहा पीत राहिल्या. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं? जीव तुटत होता आणि रागही येत होता.

मग मी कपाटातून यांचा करार काढला. मी छापखान्यात प्रुफं वाचते. बारीक अक्षर बघितलं की मला राग येतो आणि राग आला की मी नीट वाचते. सही करण्याआधी या शहाण्यांनी मला दाखवला असता तर ना! तीनदा वाचला. सहाव्या पानाच्या तळाला सापडलं: ज्या कामासाठी नेमणूक झाली ते काम कंपनीने लेखी संमतीशिवाय बदलल्यास आणि त्यामुळे कर्मचाऱ्याने राजीनामा दिल्यास बोनसची वसुली होणार नाही.

"काउंटरवर बसायला तुम्ही कुठे सही दिली होती?"

"छे. साहेब म्हणाले बस, मी बसलो."

"चला, लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या भोळेपणाचा उपयोग झाला!"

राजीनामा मीच लिहून दिला. चार ओळी, रडगाणं नाही, आणि त्या कलमाचा आकडा. हे निघाले आणि दारातून दोनदा परत आले, एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच. साहेबांनी म्हणे आधी आवाज चढवला, मग ते पान वाचलं, मग मुख्य ऑफिसला फोन लावला. पुढे चार दिवस काही कळेना. यांचं जेवणात लक्ष नाही, आईंनी मशीनांना हात लावलेला नाही, आणि मी दोघांवर ओरडतेय, त्यातल्या एकालाच ऐकू येतंय.

शुक्रवारी पत्र मिळालं. राजीनामा मंजूर, आजपासून मोकळे, कंपनीचं यांच्याकडे काहीही येणं नाही. जुन्या दुकानाच्या मालकांनी तर फोनवरच सांगितलं, "तुझं टेबल आहे तसंच आहे, ये." पगार कमी मिळेल. मिळू दे.

आईंनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. शिक्का नखाने खरवडून बघितला. सून छापखान्यात, काय सांगावं! मग कुठे डबी उघडून मशीनं कानात घातली.

मी वाटच बघत होते. "आई, पैशांसाठी असं करतात का? आम्ही काय मेलो होतो?"

"पैशांचं होतंच गं," त्या म्हणाल्या. "पण हा रोज संध्याकाळी घरी येऊन बूट काढायचा ना, तेव्हा केवढा उसासा टाकायचा. रोज. मला वाटायचं, पोराचं हेच ऐकायचं असेल, तर नकोत मला हे कान."

धडधाकट कान असून मला तो उसासा एकदाही ऐकू आला नव्हता. हे खाली मान घालून उभे होते.

"बाळ्या," आई म्हणाल्या, "जरा बाहेर जाऊन परत ये बघू."

"आई, मी काय लहान आहे का?"

"जा म्हणते ना."

त्रेचाळीस वर्षांचे हे, निमूटपणे बूट घालून जिना उतरून गेले. आईंनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं आणि डोळे मिटून घेतले. जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं. एक बूट पडला, मग दुसरा, आणि यांना एकदम हसू फुटलं.

आईंनी डोळे उघडले नाहीत. "अजून एकदा ये रे," म्हणाल्या.