सिस्टरच्या गाडीचं दार

बेल तिसऱ्यांदा वाजली तेव्हा कुठे शिलाई मशीनवरच्या मास्तरांना ऐकू आली. गिऱ्हाईक असणार, आणि तेही घाईचं, म्हणून ते तणतणत उठले. ओठांतली टाचणी काढून दार उघडलं, तर समोर मुलगी.

"तू? कधी आलीस?"

"आत्ताच. किल्ली विसरले. खाली चला ना बाबा, एक गंमत दाखवते."

एरवी ती जिना चढून येईपर्यंत मास्तर दार उघडून उभे असायचे. आज त्यांना पत्ताच लागला नव्हता. म्हातारपण कानात शिरलं की काय, असं मनाशी म्हणत ते खाली गेले.

गाडी सिस्टरची. सिस्टर म्हणजे मास्तरांची बायको. घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं बघणारी नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, मग मास्तरही तेच म्हणायला लागले. ती गेली आणि गाडी खिडकीखाली नुसती धूळ खात राहिली. मास्तरांना चालवता येत नव्हती. शेवटी मुलीनंच ती कामावर न्यायला सुरुवात केली.

मुलीनं डिकी उघडली. आत काळ्या कापडानं मढवलेलं खोकं, आणि त्यात ताटाएवढा स्पीकर.

"वूफर! गाडीची मूळची सिस्टिम तशीच ठेवलीय हं. तीच बटणं, तोच स्क्रीन. आईनं लावलेली स्टेशनंसुद्धा तीच. फक्त मागच्या स्पीकरच्या वायरींतून जोड घेऊन हा डिकीत वाजवायचा. आईच म्हणायची ना, या गाडीत गाणारा माणूस पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा वाटतो?"

तिनं गाणं लावलं. मास्तरांच्या सदऱ्याची बटणं थरथरली. हे काही त्यांना आवडलं नाही, पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी जीभ आवरली. हौस आहे, होऊ दे.

मग ती बाहेर आली आणि तिनं दार लावलं.

थप्प. उशीवर बुक्की मारावी तसा आवाज.

"परत लाव," मास्तर म्हणाले.

तिनं लावलं. थप्प.

"दाराला काय केलंस?"

"आतून जाड शीट चिकटवलीय, पुढच्या दोन्ही दारांना. नाहीतर वूफर वाजला की पत्रा खडखडतो म्हणे. छान झालं ना? महागड्या गाडीसारखं लागतं."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाला विचारून केलंस?"

"विचारायचं काय त्यात? गाडी मी चालवते."

"चालवायला दिली, तिचा ढोल करायला नाही दिली! उद्या सकाळी परत न्यायची. सगळं होतं तसं करून आणायचं."

"एका डब्यासाठी एवढं?"

"डबा, वायरी, सगळं! बाईनं काटकसर करून घेतलेली गाडी, आणि तू तिच्यात भोकं पाडून आलीस!"

"एकही भोक पाडलेलं नाही, बघा तरी! तुम्हाला काही नवीन आणलेलं चालतच नाही. आईचा कप वापरायचा नाही, आईच्या खुर्चीत बसायचं नाही. मग गाडी तरी कशाला दिलीत? तीही कपाटात ठेवायची!"

वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून गॅलरीत आल्या. दोघं वर गेली. जेवताना फक्त भांडी बोलत होती.

सकाळी वूफरवाल्याचं दुकान उघडतंय तोच मास्तर आणि मुलगी गाडीतून उतरले. लांबोडकं दुकान, भिंतीवर वायरींची वेटोळी, एका गाडीच्या सीट काढून बाहेर मांडलेल्या. वूफरवाला मोठ्या पोटाचा, हसरा माणूस.

"या काका! ताईंनी सांगितलं फोनवर. डबा नको ना? काही हरकत नाही. चार स्क्रू आणि एक प्लग. चहा होईस्तोवर बाहेर."

"डब्याचं मला काही नाही," मास्तर म्हणाले. "वाजवू दे तिला. दारातली शीट काढ."

मुलीनं चमकून बघितलं. रात्रभर ती डब्यावरून फुरंगटून बसली होती.

वूफरवाला हसला. "काका, उलटं झालं की. लोक नुसती शीट लावायला येतात माझ्याकडे. दार असं गप्प लागावं म्हणून."

"मला गप्प नकोय."

"अहो, पण ती डांबरासारखी चिकटते. गरम करून खरवडावी लागते. दिवस जाईल, आणि पत्र्याला पोचे आले तर मला बोलायचं नाही. काढायचं कारण काय पण?"

"कारण तुला कशाला? तुझा पत्रा आहे का माझा?"

"बाबा, नीट बोला," मुलगी म्हणाली. "त्यांनी त्यांचं काम नीटच केलंय. काय झालंय दाराला? सांगा तरी."

मास्तर तिच्यावर उखडले. "मशीन चालू असलं की मला बेलसुद्धा धड ऐकू येत नाही! तेवढं एक ते दार ऐकू यायचं. खडाण्! सगळ्या रस्त्यात तसं दार दुसऱ्या गाडीला नव्हतं. सिस्टरचं दार लागलं की मी मशीनवरचा पाय काढायचो. चहा टाकायचो. तिची बॅग घ्यायला दारात जायचो. आलं लक्षात? का अजून फोड करून सांगू?"

वूफरवाल्यानं हातातला पाना उगाच पुसायला घेतला.

मुलगी बोलली ती बापाच्याच चढ्या आवाजात.

"म्हणजे इतके दिवस ते दार मी लावत होते."

"मग?"

"मग तुम्ही दारात येऊन उभे राहायचात ते आईसाठी. जिन्याच्या वळणावर मी दिसले की तुमचा चेहरा पडायचा. रोज! मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. कामावरून दमून यायचं आणि वर तो चेहरा बघायचा. बाबा, मी आले की तुम्हाला वाईट वाटतं?"

"असं कोण म्हणालं?"

"तुमचं तोंड म्हणतं! काढा हो ती शीट," ती वूफरवाल्याकडे वळली. "पोचे आले तर येऊ देत. बाबांना खडाण् पाहिजे. पण बाबा, मग ते दार तुम्हीच लावत बसा. मी बसनं जाईन. रोज कुणीतरी मेलंय ही बातमी घेऊन मला घरी यायचं नाही."

वूफरवाल्यानं गरम हवेचं यंत्र हातात घेतलं, खाली ठेवलं, परत घेतलं. "काका, काय करू?"

मास्तरांना त्याच्या पोटाचा, त्या यंत्राचा, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा राग आला. सिस्टरचाही आला. सगळ्या गल्लीची दुखणी बघितली आणि स्वतःचं अंगावर काढलं. मुलीचा राग यावा म्हणून त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा पडलेला होता. आपण रोज दारात उभे राहून असेच दिसत असू, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

"राहू दे," ते खेकसले.

"म्हणजे?"

"राहू दे म्हणजे राहू दे! मराठी कळत नाही का? लावलीय ती लावलीय."

दोघं गाडीत बसून घरी निघाली. अर्ध्या वाटेवर मुलीनं गाणं लावलं आणि बापाकडे न बघता आवाज वाढवला. पाठीत धक्के बसत होते. मास्तर दात आवळून बसले, पण कमी कर म्हणाले नाहीत.

खिडकीखाली गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "उद्यापासून आलीस की खालून हाक मारायची. असं चोरासारखं वर यायचं नाही."

"मशीन चालू असतं. तुम्हाला ऐकू जाणार आहे का?"

"मग मोठ्यानं मार! डिकीत एवढा ढोल घेऊन फिरतेस, स्वतःला गळा नाही?"

"शेजारीणबाई गॅलरीत येतील."

"येऊ देत. त्यांनाही कळू दे कोण आलंय ते."