रिकामा ठोका

मनुबाईनं फडक्याची गाठ सोडली आणि झांजांचा जोड उपासनामंदिराच्या पायरीवर ठेवला. ठेवताना एक वाटी दुसरीवर घासली, बारीकसा नाद निघाला. तिनं त्यावर तळवा ठेवून तो थांबवला.

"बुवा, ह्ये तुमच्यापाशी असू द्या," मग ती म्हणाली. "परवा त्यांचं उजवं अंग गेलं. काल डावं. जीभ तर कवाच गेली."

दत्तोपंतांच्या हातातलं पागोटं अर्धंच बांधून झालं होतं. ते तसंच मांडीवर ठेवून ते झांजांकडे बघत राहिले. बाप्तिस्मा घेतल्याला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी कीर्तनाचं पागोटं, उपरणं आणि चिपळ्या त्यांनी सोडल्या नव्हत्या. प्रभू येशूची आख्यानं ते अशी रंगवत, की वडगाव-अनगोळची माणसं, आपली देवपूजा उरकून, संध्याकाळी उपासनामंदिराच्या अंगणात येऊन बसत. त्यांतलाच एक मनुबाईचा नवरा भावकू. वडगावचा विणकर. घरात खड्ड्यातला हातमाग, आणि हातात अशी झांज की ऐकणाऱ्यानं मान डोलवलीच पाहिजे.

नऊ वर्षं भावकूनं दत्तोपंतांना साथ केली होती, पण नेहमी या पायरीवर बसून. पायरी ओलांडून तो आत कधी गेला नाही. बाप्तिस्म्याचा विषय काढला की म्हणायचा, "एवढं लुगडं मागावरनं उतरू द्या बुवा, मग बघू." दत्तोपंत भोळेपणानं लुगडं उतरायची वाट बघत. जुन्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, टोकालाच नवा ताणा जोडायची विणकरांची रीत असते, माग कधी रिकामा होतच नाही, हे त्यांना कळायला चार वर्षं लागली. कळलं तेव्हा दोघंही पोट धरून हसले होते.

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं कायम वाजायचं. दत्तोपंतांनी रचलेलं एक पद होतं. प्रभू हृदयाच्या दाराशी उभा राहून ठोठावतो, पण बळजोरीनं आत शिरत नाही, असा त्याचा आशय.

राजा उभा दारी, कडी आतल्या अंगाला,
तूच काढ रे, तूच काढ.

पहिल्या 'तूच'च्या आधीचा ठोका भावकू वाजवायचा नाही. हात वर न्यायचा आणि तिथंच धरायचा. दत्तोपंत चिडून ती फट चिपळीनं भरून काढत. असं का करतोस म्हणून विचारलं, तर भावकू म्हणाला होता, "समदंच आपुन वाजवून टाकलं, तर देवानं बसायचं कुठं?"

"बुवा," मनुबाई म्हणत होती, "त्यास्नी तुमचं बाप्तिस्म्याचं पाणी द्या. वैद्य म्हणतोय, चार दिस काढतील."

दत्तोपंत तिला घेऊन पाळकांकडे गेले. पाळक शांताप्पा धारवाडकडचे. मराठी जपून, पुस्तकी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मिठाच्या सत्याग्रहाचं साल होतं. मिशनवाले असहाय माणसाला गाठून पाणी शिंपडतात, असं गावात उघड बोललं जायचं. पण पाळकांना त्या बोलण्याचं भय नव्हतं, वेगळंच होतं.

"नऊ वर्षं तो पायरीवर बसला," ते हळू म्हणाले. "दार उघडं होतं. त्यानं 'हो' म्हटलं नाही. त्याच्या न म्हणण्याचाही मान आपण राखायला हवा ना? आता तो बोलू शकत नाही म्हणून आपणच त्याच्या वतीनं कसं बोलायचं?"

पाळक बोलत होते ते दत्तोपंतांच्याच पदात होतं. कडी आतल्या अंगाला. गेली वीस वर्षं ते तेच गात आले होते.

"येतो मी," पाळक म्हणाले. "एक खूण द्यावी त्यानं. पापणी हलवली तरी पुरे."

दुपारी तिघं वडगावला पोचले. झांजांचा जोड दत्तोपंतांनी बरोबर घेतला होता. घरात माग थांबलेला होता, त्यावर हिरव्या लुगड्याचा अर्धा पदर ताणलेला. आतल्या खोलीत घोंगडीवर भावकू उताणा पडला होता. डोळे उघडे, वर कौलांकडे लागलेले. लग्न होऊन बेनकनहळ्ळीला दिलेली लेक रुक्माबाई बापाला वारा घालत होती. पाळकांनी गुडघे टेकले आणि त्याच्या कानाशी, बाप्तिस्मा हवा का, ते सोप्यातल्या सोप्या शब्दांत विचारलं. थांबले. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. भावकूची पापणी लवली नाही, की नजर कौलांवरून हलली नाही. पाळकांनी हातातलं बाप्तिस्म्याच्या विधीचं पुस्तक मिटलं, पण उठले मात्र नाहीत.

"आलाच हाय तर एक पद म्हणा, बुवा," मनुबाई म्हणाली. "ऐकायला तरी येतंय असंल."

दत्तोपंतांनी चिपळ्या काढल्या. तोंडात दुसरं काही येईचना. 'राजा उभा दारी, कडी आतल्या अंगाला' इथवर त्यांनी म्हटलं आणि थांबले. पुढचं कसं म्हणायचं? ज्याचा हात उचलत नाही, त्याला कडी काढ म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? चिपळ्या हातातच राहिल्या.

बुवा शब्द विसरले असं मनुबाईला वाटलं असावं. त्यांचं अवघडणं झाकावं म्हणून ती बोलू लागली.

"ह्या कडीनं आमाला बी लई रडवलंय, साहेब. रुक्मी दोन वर्सांची हुती. आतनं कडी लावली, आन् काढता येईना. आमी भायेर, ती आत. काढ गं, वर कर गं, म्हणून समदी गल्ली वरडली. तिला काय कळतंय?"

"मग?" पाळकांनी विचारलं.

"मग काय. ह्ये वर चढले, कौलं काढली आन् उतरले आत. ती बघा, ती जागा." तिनं भावकूच्या बरोबर वर बोट दाखवलं. "घाईत बसवलेली. आजून गळत्यात."

"पोरीनं हाक मारली होती का त्यांना?"

"कुठली हाक. रडून रडून निजली हुती. जाग आली ती बापाच्या खांद्यावर." मनुबाई जराशी हसली. "पर तिनं बाप धरलावता मातर असा घट्ट, की सोडवता सोडवंना."

दत्तोपंतांनी वर पाहिलं. चार-सहा कौलं बाकीच्यांहून वाकडी बसली होती आणि त्यांच्या फटीतून उन्हाची एक बारीक काडी खाली आली होती. भावकूचे डोळे तिथंच होते. सकाळपासून, कदाचित कालपासून. सोबत्यांनी छप्पर उकलून प्रभूपुढे खाली सोडलेल्या आणि प्रभूनं बऱ्या केलेल्या पक्षाघाती माणसाचं आख्यान दत्तोपंतांनी पन्नासदा तरी लावलं असेल. तो माणूस त्या आख्यानात एक शब्दही बोलत नाही, हे त्यांच्या आज ध्यानात आलं. त्यांनी पागोटं काढून खाली ठेवलं. मग पद पहिल्यापासून धरलं.

मनुबाईनं झांजेची दोरी नवऱ्याच्या बोटांना गुंडाळली. वाटी त्याच्या तळव्यात उताणी ठेवली, त्या हाताखाली आपला डावा हात धरला आणि उजव्या हातानं वरची वाटी वाजवू लागली. तिला तालातलं काही येत नव्हतं. पहिल्या दोन फेऱ्यांत तिनं सगळे ठोके सारखेच वाजवले, कांडणात मुसळ पडावं तसे.

तिसऱ्या फेरीला 'तूच'च्या आधीचा ठोका वाजला नाही.

चुकली असेल, असं दत्तोपंतांना वाटलं. चौथ्या फेरीला त्यांनी डोळे त्या हातांवरच ठेवले. वरची वाटी नेमानं खाली आली. खालची तिथं नव्हती. बोटभर खाली गेली होती आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा आपल्या जागी आलेली होती. पाचव्यालाही तसंच. नऊ वर्षं हट्टानं भरत आलेली ती फट दत्तोपंतांनी त्या दिवशी पहिल्यांदा चिपळीनं भरली नाही. खोलीत तेवढ्यापुरतं काही म्हणजे काही वाजलं नाही. रुक्माबाईचा पंखासुद्धा थांबला होता.

पद संपलं. पाळकांना कीर्तनाचा कान नव्हता, पण त्यांनीही पाहिलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "हात तुम्ही खाली घेत होता, की त्यांनी घेतला?"

मनुबाईनं त्या दोन हातांकडे पाहिलं. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं असतं तर ते सोपं होतं.

"आता ते कसं सांगू, साहेब? हातात हात हाय. चाळीस वर्सं ह्ये धोटा टाकत्यात आन् मी सुताच्या कांड्या भरत्ये. लुगडं कुणाचं, म्हणून आजवर कुणी इचारलं न्हाय."

पाळक खाली मान घालून बसले. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द कानडी होते आणि ते कुणाला उद्देशून नव्हते. मग त्यांनी पुस्तक उघडलं. ज्याला 'हो' म्हणावं लागतं त्या प्रश्नाचं पान ओलांडून पुढचं काढलं.

"पाणी आणा," ते म्हणाले.

मनुबाई उठायला गेली, पण तिचा डावा हात निघेना. तिला वाटलं, दोरीत अडकला. तिनं दोरी सैल केली. तरी निघेना; भावकूची बोटं तिच्या बोटांत वळली होती. ती तशीच पुन्हा खाली बसली.

"रुक्मे," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तूच आण गं."

रुक्माबाई तांब्या भरून घेऊन आली. बापाशेजारी वाकताना त्या वाकड्या कौलांखाली तिनं, लहानपणापासूनच्या सवयीनं, एकदा वर पाहिलं.