पाहुण्यांचं नेटवर्क

मोडेम वेगळा आणि राउटर वेगळा, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मोडेम बाहेरून इंटरनेट घरात आणतो आणि राउटर ते घरभर वाटतो. म्हणजे एक दूधवाला आणि दुसरी मी. हे शिकायची मला काडीचीही हौस नव्हती. पण आमचे हे वीज खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्या तारा पाहिलेला माणूस घरी बसून पाहणार तरी काय? नागपुरात नंदनवन वस्तीतल्या आमच्या एवढ्याशा घरासाठी यांनी चार अँटेनांचा राउटर आणला. तो बसवायला आलेल्या माणसाला इतके प्रश्न विचारले, की बिचारा चहा अर्धा टाकून पळाला.

आधी तो डबा लोखंडी कपाटामागे होता. कपाटानं सिग्नल अडतो म्हणून तिथून निघाला आणि कूलरशेजारी गेला. मग कूलरच्या टाकीतल्या पाण्यानंही सिग्नल अडतो, असं यांनी कुठंतरी वाचलं. शेवटी हॉलच्या भिंतीवर, माझं घड्याळ काढून, तिथं त्याची स्थापना झाली.

"घड्याळानं काय केलं होतं तुमचं?" मी विचारलं.

"घड्याळ कुठूनबी दिसते वं. सिग्नलचं तसं नसते."

त्यानंतर वायफायचे दोन बँड आले. टू पॉइंट फोरवाला दूरवर जातो, पण रमतगमत. फाइव्हवाला जोरात पळतो, पण भिंत आली की त्याचा दम निघतो. हे सगळं मी कढीला फोडणी देत असताना मला समजावलं गेलं, आणि फोडणी करपली. करपलेली कढी खाऊनही हे खूश होते, कारण मागच्या खोलीत फाइव्ह पोचला होता.

मागच्या दिवाळीला कामठीहून माझ्या बहिणीचे यजमान, शालिकराम भाऊजी आले. भाऊजी सोफ्यावर लोळून दिवसभर कुस्त्या पाहत राहिले आणि जाताना आमचा पासवर्ड अर्ध्या कामठीला सांगून गेले, असं यांचं म्हणणं. त्या दिवशी घरात गेस्ट नेटवर्क आलं. एकाच राउटरवर दोन नावं. एक घरचं, दुसरं पाहुण्यांचं. पाहुण्यांच्या नेटवर्कवरच्या माणसाला इंटरनेट मिळतं, पण घरचा टीव्ही, घरचा प्रिंटर काही दिसत नाही. त्याला मुदतही घालता येते. पाहुणा किती दिवस राहणार ते आधीच टाकायचं. दिवस भरले की त्याचं कनेक्शन आपोआप बंद. या नेटवर्कला यांनी नाव दिलं 'पाहुणे मंडळी'.

"पाहुण्याले जा म्हणाव लागत नाही," हे म्हणाले. "राउटर सांगते."

मे महिन्यात आमची मयुरा पुण्याहून आली. एकटीच आली. जावई कामात आहेत म्हणाली, आठ दिवस राहते, ऑफिसचं काम इथूनच करते. लेक आली म्हणून मी हरखून गेले. पण तिची बॅग उचलायला गेले तर उचलेना. दुपारी ती आंघोळीला गेली तेव्हा मी बॅग उघडली. आईनं लेकीची बॅग उघडू नये वगैरे मला कोणी शिकवू नका. आत स्वेटर होते, नागपूरच्या मे महिन्यात. आणि स्वेटरखाली मिसळणाचा डबा होता, मी तिला लग्नात दिलेला. हळद-तिखट भरलेला, झाकणाला रबर लावून. आठ दिवसांसाठी माहेरी येताना कुठली बाई आपला मिसळणाचा डबा घेऊन येते?

मी बॅग होती तशी बंद केली आणि यांना गच्चीवर नेऊन सांगितलं.

"सांगन ती," हे म्हणाले.

"तुम्ही विचारा ना. तुमच्यापाशी बोलते ती."

"आपण विचारलं का तिले वाटन, जा म्हणून राहिले."

ते मला पटलं, म्हणून जास्तच राग आला. कारण मलाही तीच भीती होती. आपल्या घरात सासरहून आलेल्या मुलीला 'किती दिवस?' हे अगदी प्रेमानं विचारलं, तरी त्यात दार दिसतं. शेजारच्या वंदनाताईंनी फाटकातूनच ते विचारलं, तेव्हा मयुरा हसली आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. ते मी पाहिलं होतं.

आणि इकडं आमच्या इंजिनिअरनी काय करावं? तिच्या लॅपटॉपला त्यांनी 'पाहुणे मंडळी'वर घातलं.

"लेकीले पाहुण्यात बसवता?" मी तिच्यादेखतच भडकले.

"ऑफिसचा लॅपटॉप आहे वं. बाहेरचं मशीन घरच्या नेटवर्कवर घेऊ नाही. मी वाचलं आहे."

"राहू दे ना आई," मयुरा म्हणाली. "बरोबरच आहे बाबांचं." मग त्यांना म्हणाली, "आठ दिवस टाका."

त्या आठ दिवसांत मी तिला आवडतं ते सगळं केलं. पाटवड्या केल्या, सांबारवड्या केल्या. पुण्यात सांबार म्हटलं की लोकांना इडलीबरोबरचं वाटतं, कोथिंबीर डोळ्यांपुढे येतच नाही, म्हणून ती दरवेळी हसते. यावेळीही हसली. खोलीत बसून मन लावून काम करायची, जेवताना ऑफिसच्या गमती सांगायची. सासरचं नाव मात्र तिनं काढलं नाही. फोनही आला नाही तिकडून. मी तिच्या ताटात वाढत राहिले आणि यांच्याकडे डोळे वटारत राहिले. हे राउटरकडे पाहत राहिले.

मग एका सकाळी मी हॉलमध्ये सांबार निवडत बसले होते. हे पेपर वाचत होते. आतून मयुराचा इंग्रजीतला आवाज येत होता, कसली तरी मोठी मीटिंग होती. बोलता बोलता ती थांबली. हॅलो, हॅलो केलं आणि लॅपटॉप हातात घेऊन बाहेर आली.

"बाबा, नेट गेलं."

यांच्या अंगात एकदम चैतन्य आलं. उठून राउटरचे दिवे पाहिले. सगळे हिरवे. मोबाइलवर पाहिलं, तर घरचं नेटवर्क झकास चालू. "रीबूट करून पाहतो," असं पुटपुटत त्यांनी राउटरचं अ‍ॅप उघडलं आणि थबकले.

"हात्तीच्या! पाहुण्यायची मुदत संपली." त्यांचा अंगठा मोबाइलवर तयार होता. सवयीनं, कसलाही विचार न करता, त्यांनी विचारलं, "किती दिवस टाकू?"

तोंडून गेल्यावर त्यांना कळलं. मला तर ते आधीच कळलं होतं. हातातली जुडी तशीच राहिली. ज्या प्रश्नासाठी आम्ही दोघं आठ दिवस जीभ चावून बसलो होतो, तोच या माणसानं एवढ्या मोठ्यानं विचारला. त्या क्षणी तो राउटर भिंतीवरून काढून आपटावा असं मला वाटलं.

"टाका अजून आठ," मयुरा म्हणाली. मग म्हणाली, "नाही तं पंधरा." लॅपटॉप छातीशी धरून ती उभी राहिली. लहानपणी पाटी फुटली तेव्हा अशीच उभी होती.

"बाबा, मी परत नाही जाऊन राहिले."

तीच पुढं बोलली.

"मारलं नाही कोणी, शिव्या नाही, काही नाही. पण तिथं मी आहे का नाही, हेच कोणाले माहीत नाही. त्यायनं नवीन फ्लॅट घेतला, ते मले शेजारणीनं सांगितलं. अभिनंदन म्हणाली मले ती."

मी उठून तिला धरलं. माझ्या ओठांवर दहा प्रश्न होते आणि जावयासाठी निवडक शिव्या. पण हे बोलायला लागले, आणि अगदी रागावल्यासारखे बोलले. रागावले होते स्वतःवरच.

"मंग पाहुण्यायच्या नेटवर्कवर काहून ठेवलं मी तुले? दे इकडं तो लॅपटॉप."

"मीटिंग चालू आहे बाबा."

"चालू दे. दे."

त्यांनी लॅपटॉप टीपॉयवर ठेवला, चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि घरचा पासवर्ड एकेक अक्षर म्हणत टाकला. तेवढ्यानं झालं होतं, पण ते थांबले नाहीत. पुन्हा मोबाइलवर काहीतरी करत बसले. मयुरा त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"आता काय करून राहिले?" मी विचारलं.

"हे पाह्य," ते मयुरालाच म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, कारण त्यांचे डोळे भरले होते. "घरात जे जे मशीन येते, त्याले राउटर एक पत्ता देते. ते निघून गेलं का मंग तोच पत्ता दुसऱ्याले देऊन टाकते. पण एखाद्याचा पत्ता राखून ठेवता येते." त्यांनी तिचं नाव टाकलं, ठसक्यात बटण दाबलं. "हा तुहा. तू लॅपटॉप बंद ठेव, गावाले जाय, वर्षभर नको येऊ. हा पत्ता तो कोणालेच देत नाही. आली का सीधी जुळशीन. किती दिवस, हे कोणी विचारन नाही."

मयुरानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मोकळं रडली. मीही रडले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

तेवढ्यात टीपॉयवरचा लॅपटॉप बोलायला लागला. मीटिंग आपोआप परत जुळली होती. पडद्यावरच्या चौकटीत पाचसहा गंभीर चेहरे होते आणि त्यांतला एक जण मराठीत विचारत होता, "मयुरा, तुम्ही परत आलात का? आवाज येतोय का?"

मयुराला मान वर करता येईना. मग हेच पुढं वाकले, आणि सगळ्या ऑफिसला दिसेल असं तोंड कॅमेऱ्यात घालून म्हणाले,

"येऊन राहिला, येऊन राहिला. आली ती. दोन मिनिटं थांबा, आता घरीच आहे ती."