साखरेत साखर नाही

सभागृहातल्या खुर्च्या कधीच भरल्या होत्या. मधल्या वाटेत लोक मांडी घालून बसले होते आणि दारात उभे असलेले टाचा उंचावून एका पेल्याकडे बघत होते. पेल्यात होती पाण्यात कुस्करलेली चार बिस्किटं. पथ्यगुरूंनी शुगर तपासायच्या मशीनची पट्टी आधी फळांच्या रसात बुडवली. मोठ्या पडद्यावर ‘हाय’ अशी अक्षरं उमटली, म्हणजे मशीनला मोजता येणार नाही इतकी साखर. मग त्यांनी डोळे मिटले, दुसरी पट्टी बिस्किटांच्या पाण्याला टेकवली, आणि पडद्यावर आलं ‘लो’.

“मशीन शोधतंय,” गुरू हळुवारपणे म्हणाले, “पण साखर असेल तर सापडेल ना. तेवीस धान्यांचं पीठ, चांदण्यात वाळवलेलं. ही बिस्किटं खाल्ली की पेशी हसतात.”

पेशी हसताना कुणी ऐकल्या नव्हत्या, पण टाळ्यांचा कडकडाट झाला. मंचावर गुरूंच्या शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी मान डोलावली. गावातले निम्मे शुगरवाले त्यांच्याकडेच जात आणि ‘दर दोन तासांनी दोन बिस्किटं’ हा त्यांचा सल्ला लोकांना पाठ होता. डॉक्टर सकाळपासून उपाशी आहेत, त्यांचा नाश्ता आज इथेच, असं गुरूंनी जाहीर केलं. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सहा बिस्किटं खाल्ली, वर बिनसाखरेचा चहा घेतला.

चौथ्या रांगेतल्या भाचीने घड्याळ बघितलं. दहा वाजून पाच मिनिटं.

ती रसायनशास्त्र शिकलेली, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. डावीकडे मामा, उजवीकडे मामी. मामा शिंपी. तीस वर्षं पायमशीन चालवलेला माणूस. आता उजव्या पायाची दोन बोटं नव्हती.

मामांनी याच डॉक्टरांचा पथ्याचा कागद अक्षरशः पाळला होता. साखर बंद, तेलतूप बंद, अंडी बंद. दर दोन तासांनी बिस्किटं, मधल्या वेळी फळांचा रस, जेवणात भरपूर भात आणि गव्हाचा पाव. शुगर वाढतच गेली, पायाची दोन बोटं कापावी लागली आणि ती जखमही भरेना. मामा रोजचे आकडे आपल्या मापांच्या वहीत लिहीत, गिऱ्हाइकांच्या छाती-कमरेखाली. ती वही त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा डॉक्टरांनी ती उघडलीसुद्धा नाही. बाहेर रांगेत बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “चोरून खाता तुम्ही. माझ्या कागदात चूक नसते.”

बोटं गेली त्याचं मामांनी फारसं दुःख केलं नाही. हे वाक्य मात्र जिव्हारी लागलं. कारण मामीने त्या दिवशी घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या फडताळाला कुलूप लावलं.

पुढे वहीनेच मार्ग दाखवला. मापं घेणाऱ्या माणसाचा डोळा. मामांच्या लक्षात आलं की बिस्किटांनंतर आकडा चढतो, पावानंतर चढतो, आणि अंडी-पालेभाजी खाल्ली तर जागचा हलत नाही. मामांनी पीठ, भात, रस सगळं सोडलं. मोठ्या दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी वही नीट वाचली, आकडे बघत बघत गोळ्या कमी केल्या. चार महिन्यांत जखम मिटली. हे कळल्यावर जुने डॉक्टर म्हणाले, योगायोग आहे, असली खुळं चार दिवस टिकतात. मामीला तेच खरं वाटलं. आता गुरू आणि डॉक्टर एकाच मंचावर बघितल्यावर तर तिच्या मांडीवर बिस्किटांचे दोन डबे होते आणि उद्यापासून पुन्हा कागदाप्रमाणे वागायचं, असं तिने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं.

त्या कुलपाचा हिशेब चुकता करायला भाची आली होती. तिला दयामाया दाखवायची नव्हती. दोन वर्षं तिने एक वाक्य जिभेखाली जपून ठेवलं होतं.

गुरूंचं व्याख्यान पाऊण तास चाललं. शेवटी त्यांनी हात पसरून आवाहन केलं, कुणीही वर या, कुठलाही पदार्थ आणा, आपलं मशीन खोटं बोलत नाही. भाची उठली. पर्समधून पांढऱ्या पुडीची छोटी डबी काढून ती मंचावर गेली.

“काय आहे हे, ताई?” गुरूंनी विचारलं.

“आमच्या घरात रोजच्या वापरात आहे. मामांना शुगर आहे. त्यांना चालेल का, तेवढं सांगा.”

गुरूंनी दोन चमचे पूड पाण्यात ढवळली, डोळे मिटले, पट्टी टेकवली. पडद्यावर ‘लो’.

“निर्मळ,” गुरू प्रसन्न होऊन म्हणाले. “मामांना खुशाल द्या. सकाळ-संध्याकाळ द्या.”

“मामी,” भाचीने वरूनच हाक मारली, “जरा ये गं. चव घेऊन सांग काय आहे ते.”

मामी डबे काखेत धरून अवघडत वर आली. चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि गोंधळून गुरूंकडे बघितलं. “अहो, ही तर साखर आहे. आमच्या चहाची.”

मागच्या रांगेत कुणी तरी फिस्सकन हसलं आणि मग ते हसू पुढपर्यंत पोचलं. गुरू म्हणाले, मशीनमध्ये बिघाड असेल. भाची म्हणाली, “बिघाड नाही. आपण आजाराला साखर म्हणतो, डब्यातल्या दाण्यांनाही साखर म्हणतो. पट्टीला दोन्ही कळत नाहीत. तिला फक्त सुटं ग्लुकोज कळतं. फळांच्या रसात ते सुटं असतं, म्हणून ‘हाय’. डब्यातल्या साखरेत ते दुसऱ्या एका रेणूला चिकटलेलं असतं, म्हणून ‘लो’. आणि पीठ म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची ओवलेली माळ. माळ पेल्यात तुटत नाही, पोटात तुटते. तुम्ही चुकीचा पेला तपासलात.”

“मग बरोबर पेला कुठला?” पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी विचारलं.

भाचीने घड्याळ बघितलं. अकराला पाच मिनिटं कमी. तिने गुरूंकडे नाही, डॉक्टरांकडे बोट केलं. “तो तिथे बसलाय. उपाशी पोटी सहा बिस्किटं, पन्नास मिनिटांपूर्वी.”

सगळं सभागृह डॉक्टरांकडे बघायला लागलं. गुरू घाईघाईने म्हणाले, डॉक्टरसाहेबांना त्रास कशाला. पण डॉक्टरांना तो अपमान वाटला. मला शुगर नाही, म्हणत त्यांनी स्वतःच हात पुढे केला. भाचीने त्यांचं बोट पुसलं, टोचलं, पट्टी लावली. यावेळी पडद्यावर अक्षरं आली नाहीत. आकडा आला. दोनशे एकतीस.

निरोगी माणसाचा या वेळी किती असावा, हे त्या सभागृहात सर्वांत चांगलं डॉक्टरांनाच ठाऊक होतं. त्यांचा चेहरा उतरला. “असं कसं,” ते पुटपुटले. “मी सकाळपासून या बिस्किटांशिवाय काहीही खाल्लेलं नाही.”

माईक समोरच होता.

“चोरून खाल्लं असेल,” भाची म्हणाली.

मशीन टिक करून बंद झालं. वाक्य डॉक्टरांनी ओळखलं. कुठे आणि कुणाला म्हटलं होतं तेही ओळखलं असावं, कारण त्यांनी चौथ्या रांगेकडे बघितलं आणि मान खाली घातली. भाचीला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि त्याची गोडी तिने पुरेपूर घेतली. मग लॅबमधल्या आवाजात म्हणाली, एका आकड्यावरून निदान करत नाहीत, उद्या उपाशी पोटी लॅबमध्ये या.

मामा लंगडत वर आले होते. डॉक्टरांना म्हणाले, “मीही नव्हतं खाल्लं हो.” पण बघत होते मामीकडे.

मामीने दोन्ही डबे गुरूंच्या टेबलावर ठेवले. पदराची गाठ सोडून फडताळाची किल्ली काढली आणि भर मंचावर मामांच्या हातात दिली. गुरू तोवर मागच्या दाराने निघाले होते. पेला तेवढा राहिला होता.

“मामा, आता आम्ही काय खायचं ते सांगा,” गर्दीतून कुणी तरी म्हणालं.

“म्हणजे उद्या मला गुरू करणार?” मामा म्हणाले. “माझ्यावरही विश्वास ठेवू नका. मला लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही. जेवणाआधी मोजा, नंतर मोजा, लिहून ठेवा. आणि लिहिलेलं जो वाचेल, त्याच डॉक्टरकडे जा. कापड शेजाऱ्याचं माप घेऊन कापत नाहीत.”

मग त्यांनी खिशातून वही काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

“दोनशे एकतीस,” ते म्हणाले. “सहा बिस्किटं, पन्नास मिनिटं. नाव काय लिहू, डॉक्टर?”