डाव्या चाकाची खटखट

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या आवारात, बाभळीखाली, डाव्या कुशीवर कललेली ती मातकट पांढरी जीप दिसते ना, ती मी. माझं पुढचं डावं चाक माझ्याच पोटाखाली मुडपलं आहे. येणारे-जाणारे मला अपघाताची गाडी म्हणतात. म्हणू देत बापडे! पण मी काही अशी जन्मले नव्हते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग असा होता की पोरं माझ्या दारात तोंड पाहून भांग पाडत. हात बदलत बदलत मी दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर आले, जीवनच्या अंगणात. बायांनी मला कुंकू लावलं. जीवनच्या आईनं, सुखीबाईनं, स्वतः भरलेलं आरशांचं तोरण माझ्या काचेवर बांधलं. काय मिरवले मी तेव्हा! बाजारकरू, बाळंतिणी, कॉलेजच्या पोरी, सोयाबीनची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळ्यांना मी दारव्ह्याला नेलं आणि सुखरूप परत आणलं. कौतुक होतं तोवर वंगणपाणीही वेळेवर होई. मग मी जुनी झाले, आणि दोन्ही ओसरलं.

एके दिवशी पुढच्या डाव्या बाजूनं आवाज सुरू झाला. खड्डा आला की खट्ट. वळण आलं की खट्ट. चाकाला खालच्या आर्मशी, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याशी, जोडणारा एक बॉल जॉइंट असतो, म्हणजे वाटीत बसवलेली पोलादी गोळी. तिच्यावरचं रबर फाटलं होतं, आत धूळ गेली होती, वाटी झिजत चालली होती. मला का तोंड आहे सांगायला? खटखट हीच माझी बोली. मी जीव तोडून बोलत होते.

जीवननं कानाडोळा केला असं मी म्हणणार नाही. तो मला बाबुलाल मिस्त्रीकडे घेऊन गेला. बाबुलालनं माझ्या चेसिसखाली जॅक लावला, चाक अधांतरी केलं आणि वरून-खालून धरून हलवलं. चाक घट्ट! अहो, घट्टच लागणार. असं उचललं की आतली स्प्रिंग आर्मला खाली रेटते आणि गोळी वाटीत ताणून राहते. बाबुलालनं आर्मच्या मुळाशी असलेला एक झिजलेला रबरी बुश बदलला आणि म्हणाला, "झालं बे, आता नाही वाजत." जीवनचा जीव भांड्यात पडला. तांड्याच्या वाटेवर पहिल्याच खड्ड्यात मी पुन्हा वाजले.

"काहून वाजून राह्यली वं ही?" जीवन कावला.

मागच्या सीटवर सुखीबाई होती. ती म्हणाली, "माह्यं ऐक. तुह्या आजाची लदेणी होती. गोणी एकीकडं कलली का बैलाच्या पाठीवरचं सामान असंच वाजे. वजन बरोबर करून पाह्य."

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचा त्यांच्या वाडवडिलांचा धंदा. ती विद्या त्यांच्या रक्तात होती. जीवननं डाव्या बाजूला, पुढं, सोयाबीनचं पोतं ठेवून पाहिलं. आवाज बंद! सुखीबाईला कोण आनंद झाला. "पाह्यलं? बुढीचं ऐकत जाय!"

मी आतून ओरडत होते. अगं बाई, आवाज बंद झाला, दुखणं नाही! वजनानं ती गोळी वाटीत दाबून बसली होती, एवढंच. पण ऐकणार कोण, माझी तर बोलीच बंद केली होती.

पोत्यानं उतारूंची जागा अडायची. म्हणून सुखीबाई म्हणाली, "मीच बसतो तिथं. मी का पोत्यापेक्षा कमी हाओ?" सगळी गाडी हसली. जीवनही हसला. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी वांग्यांची टोपली मांडीवर घेऊन ती डाव्या खिडकीशी बसे. कोणी पुढं बसायला आलं तर जीवनच म्हणे, "नाही भाऊ, ती याडीची जागा हाय." याडी म्हणजे आई.

आणि मी गप्प चालत राहिले.

भर दुपारी, बाजारातून परतताना, पुलाच्या वळणावर गोळी वाटीतून निसटली. चाक आत मुडपलं. जीवननं स्टिअरिंग जिवाच्या आकांतानं ओढलं, पण ओढून वळणार काय? मी डाव्या अंगानं कठड्यावर आदळले. मागच्यांना खरचटलं, एकाचा हात मोडला. सुखीबाई जागच्या जागी गेली. "याडी! याडी वं!" जीवन माझं चेपलेलं दार नुसत्या हातांनी उपसत होता.

पुढं आरटीओचे साहेब मला तपासायला आले. जीवन बाजूला उभा होता. साहेबांनी विचारलं, "आधी आवाज येत होता?"

"येत होता साहेब. वजन ठेवलं का बंद होये."

साहेबांनी माझ्या शाबूत उजव्या बाजूला जॅक लावला, चेसिसखाली नाही, थेट खालच्या आर्मखाली, चाकाच्या जवळ. असं उचललं की स्प्रिंगचा रेटा जॅकवर जातो आणि गोळी वाटीत मोकळी होते. मग जीवनला म्हणाले, "हलवून पाहा."

जीवननं चाक वरून-खालून धरून हलवलं. खट्ट. उजवा जॉइंटही जातच होता.

"इतकंच पाह्यचं होतं?"

"इतकंच."

जीवननं पुन्हा हलवलं. पुन्हा खट्ट. साहेब कागद आवरून निघून गेले, तरी तो चिखलात गुडघे टेकून माझं चाक हलवत होता आणि रडत होता. मित्रांनो, एवढं वाईट मला कठड्यावर आदळतानाही वाटलं नव्हतं.

तुमच्याही घरी गाडी असेल. ती खटखट करू लागली तर तिला गप्प करू नका, तिचं दुखणं शोधा. आणि एखादं माणूस बसल्यावर तिचा आवाज थांबत असेल, तर हात जोडून सांगते, आधी त्या माणसाला खाली उतरवा.